भिंतीकडची बाजू

मार्च ४

उद्यान विभागाच्या मोठ्या साहेबांना,
(ते माझे एकुलते एक चिरंजीव लागतात, पण हे ऑफिसात सांगायची गरज नाही.)

सहा वर्षांनी पत्र आलं म्हणून छाती फुगवून घेऊ नकोस. आठवण आली म्हणून लिहीत नाहीये. तुझी सही दिसली म्हणून लिहितेय.

आपल्या गल्लीच्या टोकाची निवडुंगाची बाग तुला माहीतच आहे. आता तिला बाग म्हणायचं म्हणजे टकल्याला भांग पाडायला सांगण्यासारखं आहे. तरी फाटक आहे, आणि परवा त्या फाटकावर कुलूप आणि कागद असे दोन्ही लागले. मी चौथीपर्यंतच शिकले, पण वाचता येतं मला. हळू वाचते एवढंच. हळू वाचलेलं विसरत नाही. भिंत धोकादायक आहे, झाडं मेल्यात जमा आहेत, आत जायला मनाई आहे, आणि उन्हाळा संपला की जागा गाड्या उभ्या करायला देणार. खाली सही. अक्षराला उंदरासारखी लांब शेपटी. पाटीवरही तू अशाच शेपट्या काढायचास आणि मी ओरडायचे, अरे आखूड कर, दारात अडकेल.

आता नीट ऐक. मला निवडुंग आवडत नाहीत. ज्याला टेकता येत नाही आणि ज्याची सावलीही पडत नाही, ते कसलं झाड? पण ज्या कागदावर तुझी सही आहे त्याच्या उलट वागायचं, एवढं मी ठरवलंय. इथे काही रिकामटेकडी माणसं बाग वाचवायची म्हणून जमतात. काल जाऊन मीही नाव दिलं. त्यांनी विचारलं, आजी, तुम्हाला झाडांची आवड आहे का? मी म्हटलं, नाही, मला एका माणसाचा राग आहे. चालेल म्हणाले.

सहा वर्षांपूर्वी तुझ्या घरी ते तुझे वरचे साहेब जेवायला आले होते, त्यातल्या एकाला मी विचारलं की एवढं पोट घेऊन बुटाची नाडी कशी बांधता. साधा प्रश्न. तो हसलाही. आणि तू म्हणालास, "आई, तू जरा आत बस." मी ट्रंक उचलली आणि बाहेर पडले, ती अजून आत बसलेली नाही. माणसाला आत बसवतोस आणि बागेला बाहेरून कुलूप घालतोस. दोन्हीकडे तुझंच चालायला पाहिजे.

तर आमचं म्हणणं असं. भिंत आम्ही उतरवतो. झाडं जिवंत करून दाखवतो. परवानगी द्यावी. नाही दिलीस तरी करणारच आहोत, पण मग कुलूप तोडावं लागेल, आणि कुलूप सरकारी आहे.

अर्जदार,
तुझी आई (कागदोपत्री)


एप्रिल २

साहेब,

तुझ्या ऑफिसचं उत्तर मिळालं. "महोदया" लिहिलंयस. आजवर मला महोदया कुणी म्हटलं नव्हतं, तुझ्या बापानं तर "अगं" च्या पुढे कधी मजल मारली नाही. पत्र सगळ्यांना वाचून दाखवलं. अटी कळल्या. भिंत गवंड्याकडून उतरवायची, कुणाला इजा झाली तर ज्याची त्यानं निस्तरायची, जूनअखेर पाहणी होईल, आणि तेव्हा "विशेषतः भिंतीलगतचा जुना निवडुंग" जिवंत नसेल तर जागा गेली.

हुशार आहेस. बाकीचं जगवणं सोपं, म्हणून सगळ्यात म्हाताऱ्याच्या मानेला दोर बांधलास.

त्याला आम्ही हवालदार म्हणतो. सरळसोट उभा आणि एक हात वर, जणू गाड्या थांबवतोय. कमरेपर्यंत कसलीशी वेल चढली आहे, वर धूळ, त्यामुळे मूळचा रंग कुणी पाहिलेलाच नाही. भिंतीला इतका लागून आहे की गवंडी म्हणाला, भिंत उतरवताना विटा ह्याच्याच डोक्यात पडणार. आधी ह्याला मधे हलवा, मग मला बोलवा.

आमच्यात दोघं कामाची आहेत. एक रिटायर्ड बस कंडक्टर. दगड वाहायला माणसं रांगेत लागली की हा मागून ओरडतो, "पुढे सरका, पुढे सरका, आत जागा आहे!" उघड्या बागेत. दुसरी दातांची डॉक्टर, तिला सगळे दातवाली म्हणतात. काम संपलं की ती बाकावर चिमटा घेऊन बसते आणि आम्ही बोटं पुढे करून रांग लावतो. मोठा काटा दिसतो तरी. बारीक कुसळं दिसतही नाहीत आणि झोपूही देत नाहीत. सवयीनं ती म्हणते, "आ करा." काटा अंगठ्यात असतो, आणि म्हातारे कोतारे सगळे गुमान आ करतात. मीही केला. तिनं आत डोकावून पाहिलं आणि म्हणाली, आजी, ह्या दाढेचं काय ठरवलंय? मी तोंड मिटलं.

हिला एक खोड आहे. येता जाता झाडांना पाणी घालते. निवडुंगाला पाणी म्हणजे जेवून उठलेल्याला ताट वाढणं. मुळं कुजतात. तिच्या हातातली झारी मी काढून घेतली, तर दुसऱ्या दिवशी पर्समधून बाटली घेऊन आली.

हवालदाराला हलवायची रीत कंडक्टर रोपवाटिकेतून विचारून आलाय. जुन्या गाद्या गोधड्यांत गुंडाळायचं, दोरांनी आवळायचं, मुळांसकट उचलायचं. आणि मुख्य म्हणजे तोंड बदलायचं नाही. जी बाजू उन्हाला होती ती उन्हालाच, जी भिंतीला होती ती भिंतीकडेच. भिंतीकडच्या अंगाला जन्मात ऊन लागलेलं नसतं, ते एकदम उन्हात आलं तर भाजून निघतं. म्हणून आधी खूण करायची. मी म्हटलं दोरा बांधा. कंडक्टर म्हणाला, खडू. त्याच्या खिशात खडू असतो कायम, का ते विचारू नकोस.

नातीला सांग, आजी सध्या सरकारी कामात आहे.

महोदया


एप्रिल २१

साहेब,

अक्षर वळणदार दिसतंय ना? माझं नाही. दातवाली लिहितेय, मी सांगतेय. माझा चष्मा फुटलाय.

(आजी चष्मा लावूनच बसल्या आहेत. – लिहिणारी)

रविवारी हवालदाराला हलवलं. वेल काढायला गेलो तर काटे मोडायला लागले, मग वेलीसकटच गुंडाळला. खाली माझी गोधडी, वर कुणाच्या गाद्या, वर दोर. आडवा केल्यावर असा दिसत होता की रस्त्यानं जाणाऱ्या एकीनं हात जोडले. मी म्हटलं, अहो जिवंत आहे. ती जास्तच घाबरली.

उचलला, नेला, खड्ड्यात उभा करताना एका बाजूचा दोर सुटला. कलला. तो वर केलेला हात दगडावर आपटणार तेवढ्यात कुणीतरी मधे गेलं आणि वाचला. कुणाचं काही मोडलं नाही.

(एकाचं मोडलं. आजींच्या उजव्या मनगटाला प्लॅस्टर आहे. ते "कुणीतरी" म्हणजे त्याच. दुखत असणार, पण दवाखान्यात जाईपर्यंत त्या रिक्षावाल्याला रिक्षा कशी चालवायची ते सांगत होत्या. – लि.)

काय लिहितेस गं एवढं? मी तर एवढं बोलले नाही.

(मी मोठ्या अक्षरात लिहिते म्हणून त्यांना सांगितलं. – लि.)

तर मुद्दा तो नाही. मुद्दा असा की हवालदार उभा राहिला, माती दाबली, टाळ्या वाजल्या, कंडक्टरनं हवेतली दोरी ओढून दोनदा घंटी दिली. मग गाद्या सोडल्या. वेल गोधडीला चिकटून आपसूक निघाली. आणि शेवटी गोधडी झटकली, तर अस्तरावर ही लांब पांढरी रेघ. खडू हवालदारावर राहिलाच नव्हता. सगळा माझ्या गोधडीनं पुसून घेतला होता.

आता ह्याचं तोंड कुठलं नि पाठ कुठली, देवालाही सांगता यायचं नाही. अंदाजानं उभा आहे.

मी दोरा म्हटलं होतं. हे ऑफिसात नोंदवून ठेव.

सांगणारी, तुझी आई
लिहिणारी, एक साक्षीदार


मे ९

हे डाव्या हातानं लिहितेय. ओळी उतरतात, उतरू देत. ती साक्षीदार आगाऊ आहे, तिनं काय काय घुसडलं ते मला आता कळलं. हाताचं विचारू नकोस.

मी तुझ्याकडे कधी काही मागितलं नाही. आताही मागत नाही. विचारतेय. दोन्हीत फरक आहे.

हवालदार पिवळा पडायला लागलाय. पूर्ण नाही, एकाच बाजूनं, उन्हाच्या. आधी ओंजळीएवढा डाग होता, आता परातीएवढा आहे. कंडक्टर म्हणतो हे दातवालीच्या बाटलीचे प्रताप. दातवाली म्हणते पाणी मुळांना लागतं, एका गालाला नाही. आपण ह्याला उलटा लावलाय, ह्याचं कोवळं अंग उन्हात आलंय. दोघं एकमेकांशी माझ्यामार्फत बोलतात.

फिरवायचा म्हटलं तर एकदाच फिरवता येईल. मुळं आत्ता कुठे धरताहेत. एकदा हिसका सोसतील, दोनदा नाही. आणि बरोबर असलेला उलटा केला तर दोन्ही बाजूंनी भाजेल. मग तुझ्या गाड्या येऊन उभ्या राहतील.

तोवर बांबूला छत्र्या बांधून सावली केली आहे. कंडक्टरची काळी, माझी दांडा मोडलेली आणि कुणाची तरी लहान मुलाची, कान असलेली. बघणारे हसतात. हसू देत. फुकट आहे.

आता विचारायचं ते. वेल गेली आणि अंग धुतलं, तेव्हा त्या पिवळ्या बाजूला, साधारण माझ्या छातीइतक्या उंचीवर, काहीतरी कोरलेलं निघालं. निवडुंगाला ओरखडा गेला की तो भरून येत नाही, खपली धरून तसाच राहतो, झाड जाडजूड झालं की अक्षरंही जाड होतात. बोटानं माती काढत वाचलं. लिहिलंय,

आई वाईट

आणि ईला ही लांब शेपटी.

आया गल्लीत पुष्कळ होत्या, वाईटही सगळ्याच होत्या, पण शेपटी एकाचीच. तू तेव्हा दहाएक वर्षांचा असशील. कशावरून मारलं होतं ते मला आठवत नाही, तुला आठवत असेल, तुझा तो गुण आहे. मला फक्त एवढं सांग की हे कोरताना तू उभा कुठे होतास. बाकाकडून कोरलंस की भिंतीकडून? कंडक्टर शपथेवर सांगतो, बाकाकडून. भिंतीकडे माणूस मावतच नव्हता. म्हणजे कोरलेली बाजू उन्हाची, आणि हवालदार आहे तसा ठीक आहे. तू जर म्हणालास भिंतीकडून, तर उलटा लागलाय.

खरं सांगितलंस तर तुझाच कागद फाटतो, हे मला कळतं. खोटं सांगितलंस तर आम्हाला कळणारही नाही. काय करायचं ते तुझं तू बघ. उलट टपाली कळव आणि महोदया लिहिण्यात शाई घालवू नकोस.

वाईट आई


मे १९

तुझं कार्ड आलं. ऑफिसचा शिक्का नाही, महोदया नाही, आई पण नाही. तीन ओळी. मी सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचल्या:

"भिंतीकडून. वॉचमनला दिसू नये म्हणून फटीत शिरलो होतो, तेव्हा मावायचो.
आणि तू खरंच वाईट होतीस.
हात कसा आहे?"

पहिल्या ओळीला दातवालीनं कंडक्टरकडे असं पाहिलं की त्यानं चष्मा पुसायला काढला. दुसऱ्या ओळीला सगळे हसले. मग कंडक्टर म्हणाला, "आजी, कागद ह्यांचाच, सही ह्यांचीच. मुद्दाम उलटं सांगितलं नसेल कशावरून? आपण फिरवायचा, मरायचा, आणि साहेब तिकडे मोकळे."

खरंच होतं ते. मीही रात्रभर तेच घोळवलं होतं.

मी म्हटलं, "माझा मुलगा आहे तो. वाईट बोलतो, खोटं बोलत नाही. आईवर गेलाय. दोर आणा."

ह्या वेळी सगळ्यांनी माझं ऐकलं. गोधडी खाली, गाद्या वर, आणि कोरलेल्या बाजूला माझ्या हातचा लाल दोरा, दुहेरी गाठ. मला हात लावू दिला नाही. बाकावर बसवलं आणि म्हणाले, तुम्ही फक्त तोंड चालवा. ते चालवलं. हळूहळू, घड्याळाच्या काट्यासारखा फिरवला. आता ते कोरलेलं अंग पूर्वी भिंत होती तिकडे आहे. पूर्वी म्हणते, कारण दुसऱ्या दिवशी गवंड्यानं भिंत उतरवली.

आता गंमत ऐक. तू जे वॉचमनपासून लपवून लिहिलंस, ते भिंत गेल्यामुळे सगळ्या गल्लीला दिसतं. शाळेत जाणारी पोरं मोठ्यानं वाचत जातात. कंडक्टर म्हणाला, समोर एक कुंडी ठेवू, आजींना वाईट वाटेल. मी म्हटलं, कुंडीला हात लावशील तर बघ. माझ्या नावाचं काहीतरी गावात लागलंय, राहू दे.

आणि तुझी दुसरी ओळ. वाईट होते. अजून आहे. बाप तुझा दिवसभर हसायचा आणि मी दिवसभर नाही म्हणायचे, कारण घरात कुणीतरी नाही म्हणावं लागतं. त्याची माफी बिफी माझ्याकडून मिळायची नाही.

हात बरा आहे. विचारलंस म्हणून सांगितलं.


जून २८

साहेब,

पाहणी झाली. तू स्वतः येशील असं दातवालीला वाटत होतं, तिनं सकाळी बाकही पुसून ठेवला. मला तसं काही वाटत नव्हतं. पांढरं पातळ मी असंच नेसले होते.

तू पाठवलेली पोरगी आली. लहान आहे, पण फाइल छातीशी अशी धरते की हिसकावून घेईल कुणीतरी. सगळं फिरून पाहिलं. भिंतीची जागा पावलांनी मोजली. मग हवालदाराजवळ थांबली. तो डाग काही गेलेला नाही, जाणारही नाही. भाजलं ते तपकिरी झालंय, टणक, जुन्या बुटासारखं. तिनं पेन उघडलं आणि विचारलं, "हा एवढा भाग मेलेला आहे का?"

कंडक्टर समजावायला पुढे झाला, त्याला मी कोपरानं मागे सरकवलं.

"बाई, खपली आहे ती," मी म्हटलं. "खपली मेलेल्याला धरत नाही. वर बघ."

स्टूल दिलं. चढली. हवालदाराच्या टाळूवर नवे काटे आलेत, लालसर, बोट लावलं तर वाकतात इतके मऊ. तिनं बोट लावलं. मग आणखी एकदा लावलं, तेव्हा ते ऑफिसचं काम नव्हतं.

खाली उतरली आणि त्या खपलीशेजारचं कोरलेलं वाचायला लागली. "आई वाई..." थांबली. वही उघडी तशीच. "हे विद्रूपीकरण कुणी केलं? नोंद करावी लागेल."

मी म्हटलं, "कर की. तुमच्या मोठ्या साहेबांनी."

तिला ठसका लागला तो थांबेना. दातवालीला एकदाचा पाणी द्यायला कुणीतरी मिळालं.

नोंद केली की नाही ते तूच फाइलीत बघ. पण लिहून गेली आहे: भिंत नाही, धोका नाही, झाडं जिवंत, बाग राहील. पुढच्या वर्षी परत बघतील म्हणे. बघू देत. पुढच्या वर्षीही मी आहेच, आणि नसले तर कंडक्टरला शिव्या कशा द्यायच्या ते दातवालीला शिकवून ठेवलंय.

फाटकावरचा तुझा कागद मी स्वतः काढला. फाडला नाही, नखानं चारी कोपरे सोडवून काढला. सोबत पाठवतेय. सही तुझी, वस्तू तुझी. कुलूप गवंड्याच्या शेडला लावलंय, सरकारी चीज वाया घालवू नये.

आभार मानत नाही. तू खरं सांगितलंस, ते तुझं कामच होतं. पण गल्लीत कुणी तुझ्याबद्दल वेडंवाकडं बोललं, तर त्याला मी सांगते की ते बोलायचा हक्क एकटीचा माझा आहे.

नातीला निवडुंग बघायचा असेल तर पाठव. काटा गेला तर काढायला माणूस आहे, फक्त आ करावा लागेल.

आणि तुला यायचं तर ये. फाटक उघडं असतं. मात्र आधीच सांगून ठेवते, संध्याकाळी मी त्या बाकावर बसते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला मनात येईल ते बोलते. पोटवाले साहेब लोकही फिरायला येतात. तुला माझी लाज वाटायला लागली, तर हवालदाराच्या मागे जाऊन लप. जागा तुझ्या ओळखीची आहे. फक्त आता तिथे भिंत नाही, सगळ्या गल्लीला दिसशील.

आई